दुमडलेल्या टोकाचं पान

राहीबाई जन्मली तेव्हा तिच्या डाव्या कानाचं वरचं टोक दुमडलेलं होतं. सुईणीनं खोबरेल लावून ते सरळ करून पाहिलं, फडकं बांधून ठेवलं, तरी फडकं सोडलं की टोक पुन्हा खाली. पोरीच्या जातीला खोट राहिली म्हणून आई रडायला लागली. बाप मात्र म्हणाला, "राहू दे. जत्रेत हरवली तर ओळखायला बरी."

बाप चिंचणीचा डाय कोरणारा. तारापूरच्या खाडीपलीकडच्या आमच्या या गावात हे काम पुष्कळ घरांतून चालायचं. पोलादाच्या लहानशा ठोकळ्यात पान, फूल, मोर असं काहीतरी उलटं आणि खोलगट कोरायचं, मग ठोकळा भट्टीत लाल करून त्याला पाणी पाजायचं. सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवतो, वर शिशाचा तुकडा ठेवतो आणि हातोडीचा घाव घालतो. पत्र्यावर नक्षी उठते. नाव सोनाराचं होतं, मिरवते घालणारी. डाय कोरणाऱ्याला कोणी विचारत नाही.

राहीबाईच्या माहेरी एक रीत होती. मुलगी जन्मली की बापानं आपल्या हातानं तिच्यासाठी एक डाय कोरायची. ती नक्षी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. लग्नात तिच्या अंगावरचं सोनं त्याच डायवर ठोकायचं आणि सासरी जाताना डाय तिच्या पेटीत घालायची. राहीसाठी बापानं विड्याचं पान कोरलं. शिरा केसासारख्या बारीक, देठ नाजूक, आणि टोक डावीकडं दुमडलेलं. बघणाऱ्याला वाटावं, छिन्नी घसरली. छिन्नी घसरली नव्हती.

राहीचं लग्न केळव्याला झालं. सासरी पानवेलीची वाडी होती, नवरा सालस होता. पण तिचं सुख फार टिकलं नाही. विषमज्वरानं नवरा गेला. पदरी मूल नव्हतं. दिरांनी तिच्या गळ्यातली पानांची माळ आणि कानातली पानं काढून घेतली, ती परत दिली नाहीत. चिंचणीला परत आली तेव्हा तिच्याजवळ दोन लुगडी होती आणि फडक्यात गुंडाळलेली डाय.

"एवढंच दिलं?" आईनं विचारलं.

"हे त्यांनी दिलं नाय," राही म्हणाली. "ते लोखंड हाय म्हणून त्यांना नको होतं."

बाप तेव्हा आजारी होता. त्यानं डाय हातात घेऊन अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाला, "सोनं नायतरी लोकांचंच असतं, पोरी. ही तुझी हाय." त्या वर्षीच तो गेला. आई पाठोपाठ गेली. राही भावाच्या घरात राहिली.

भाऊ कृष्णकांत तिच्याहून मोठा. हाताला बापाहून सफाई जास्त, आणि ती त्याला पुरेपूर ठाऊक होती. मुंबईच्या पेढ्यांवरून कामं यायची ती आधी त्याच्या ओटीवर. गावात त्याचं एक वाक्य प्रसिद्ध होतं. कुणी जुनं काही उकरायला लागलं की तो म्हणायचा, "लोक म्हणतात झालं गेलं गंगेला मिळालं. आपल्याकडं गंगा नाय, खाडी हाय. खाडीला मिळालं." आणि हसायचा. त्याच्या फटकळपणापायी एक जुना सोनार कायमचा तुटला, तेव्हाही तो हेच बोलला. बापाच्या शेवटच्या आजारात हा एका पेढीवाल्याच्या लग्नाला मुंबईला गेला आणि अग्नी द्यायला चुलतभावाला उभं राहावं लागलं, तेव्हाही हेच. आपल्याला कशाचीही हळहळ लागत नाही, ही त्याला आपली मर्दुमकी वाटायची. हळहळ मग दुसऱ्या कुणीतरी करायची. घरात तशी दोन माणसं होती, बायको नर्मदा आणि बहीण राही.

नर्मदेला एकच मुलगी झाली, हंसा. रीतीप्रमाणे कृष्णकांतानं चांगल्या पोलादाचा एक ठोकळा घासून तिच्या नावानं कोनाड्यात ठेवला. ठोकळा कोराच राहिला. पेढ्यांची कामं संपत नव्हती. हंसा बोलायला लागली, चालायला लागली, शाळेत गेली. नर्मदा सणावाराला आठवण करायची. तो म्हणायचा, "अगं, तिची डाय म्हणजे काय घाईचं काम हाय? तिला अशी करीन की चिंचणीत कुणी केली नसेल."

एकदा हंसानंच विचारलं, "बाबा, माझ्यात काय कोरणार?"

"तू सांग."

"आपली मांजर."

तो पोट धरून हसला. आल्यागेल्याला ही गोष्ट सांगायचा. मांजर काही कोरली नाही.

राही घरात सगळं करायची. पाणी, सरपण, मासळीचा बाजार, आणि शिवाय भावाच्या कोरलेल्या डाया दगडावर घासून गुळगुळीत करायचं काम. त्याबद्दल तिला कुणी काही देत नव्हतं, तिनं मागितलंही नाही. दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची. पाटावर छिन्न्या, कानशी, हातोड्या मांडायच्या, झेंडूची फुलं वाहायची. त्या दिवशी राही आपली डाय पेटीतून काढून पाटाच्या कडेला ठेवायची. विधवेला कानात काही घालता येत नव्हतं. पण त्या दिवशी घरी येणाऱ्या बाया डाय हातात घेऊन बघायच्या, तिच्या कानाकडं बघायच्या, आणि राही लाजायची. वर्षातून एवढंच. पूजा झाली की डाय कृष्णकांताच्या हत्यारांच्या पेटीत परत जायची. घरात कुलूप असलेली पेटी तेवढी एकच होती.

त्रेसष्ट सालच्या जानेवारीत सोन्याचा कायदा आला. चौदा कॅरटच्या वरचा दागिना घडवायचा नाही. चौदा कॅरटचं सोनं कडक, त्याच्यावर बारीक नक्षी उठत नाही, आणि तसलं सोनं लोकांना नकोही होतं. मुंबईच्या पेढ्या थंड पडल्या. चिंचणीच्या ओट्यांवरची टकटक महिन्याभरात थांबली. कुणी मुंबईला गिरणीत गेलं, कुणी वाण्याच्या दुकानात तागडी धरली, एकानं तर मुरब्याहून सुके बोंबील आणून गावोगाव विकायला सुरुवात केली. कृष्णकांत घरात बसून राहिला. दुसऱ्याच्या हाताखाली काम करणं त्याला जमणार नव्हतं.

नर्मदा म्हणाली, "आता सवड हाय. हंसाची डाय तरी होऊ द्या. ती अठराची झाली."

त्यानं ठोकळा कोनाड्यातून काढला. भिंग डोळ्याला लावलं, छिन्नी धरली आणि बसून राहिला. दुसऱ्या दिवशी बसला, तिसऱ्या दिवशी बसला. राही दारातून बघत होती. छिन्नी ठोकळ्याला टेकत नव्हती.

"काय झालं, दादा?"

"गिऱ्हाईक नसलं की हात चालत नाय," तो म्हणाला.

"हंसा हाय ना गिऱ्हाईक."

त्यानं तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं एखादी अडाणी गोष्ट विचारली होती. ठोकळा परत कोनाड्यात गेला.

पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं. राही आणि हंसा दुसऱ्यांच्या शेतावर भाताच्या लावणीला जाऊ लागल्या. दिवसभर चिखलात वाकून संध्याकाळी पदरात भात घेऊन यायच्या. अशाच एका दिवशी, त्या दोघी शेतावर असताना, मुंबईचा एक दलाल आला. गावातल्या जुन्या डाया तो घाऊक घेत होता. सोन्यावर बंदी असली तरी पितळेवर नव्हती. पितळेचे दागिने ठोकून वर सोनेरी मुलामा द्यायचा आणि बाजारात विकायचे, असा त्याचा धंदा होता.

कृष्णकांतानं पेटी उघडली. दलालानं एकेक डाय उचलून बघितली आणि बाजूला ठेवली. मग राहीची डाय त्याच्या हाताला लागली. ती तो बराच वेळ खिडकीच्या उजेडात फिरवत राहिला.

"ती नाय," नर्मदा आतून म्हणाली. "ती वन्संची हाय."

दलाल म्हणाला, हिच्यासकट सगळ्या डाया घेतो, नाहीतर बाकीचं पोलाद माझ्या काय कामाचं. कृष्णकांतानं बायकोकडं पाहिलंही नाही. मान हलवली. जाताना दलालानं कोनाड्यातला कोरा ठोकळाही मागितला, तोही त्यानं काढून दिला.

"त्यांना काय सांगू?" नर्मदेनं विचारलं.

"काय सांगायचंय? लोखंड होतं, गेलं. मुद्दाम सांगायला जाऊ नको."

नर्मदेनं सांगितलं नाही. श्रावण, भादवा तिनं ती गोष्ट पोटात ठेवली. राही लावणीहून, निंदणीहून येऊन तिच्या पुढ्यात पदर सोडायची आणि नर्मदा मान खाली घालून धान्य पाखडायची.

दसऱ्याला राहीनं पाट मांडला. झेंडूची माळ ओवली आणि किल्लीसाठी हात पुढं केला. कृष्णकांत म्हणाला, "या वर्षी पूजा नाय."

"का?"

"हत्यारं चार उरलीत. त्यांना नमस्कार कर तिथंच."

राहीनं पेटीचं झाकण उचललं. कुलूप नव्हतंच. तिनं आत हात घालून पेटीचा तळ चाचपला, जणू अंधारात काही शोधत होती. दिवस तर चांगला वर आलेला होता.

"दादा, माझी डाय?"

"विकली."

"कुणाला?"

"मुंबईला गेली. आता कुणाला ठाऊक."

"मला विचारलं का नाय?"

"विचारून काय होणार होतं? घरात खायला नव्हतं. त्यातूनच सगळे जेवलो. तू पण जेवलीस."

आदल्या आठवड्यापर्यंत त्या घरात शिजलेला भात तिच्या आणि हंसाच्या पायाला चिखल्या पडून आलेला होता, हे तिला त्याच क्षणी बोलता आलं असतं. नर्मदेला वाटत होतं, वन्संनी बोलावं. राही उठली, परसात गेली, तीन दगड मांडून चूल केली. त्या दिवसापासून तिनं भावाच्या चुलीवरचं काही तोंडात घातलं नाही. सणाच्या दिवशी ती परसात एकटी भाकरी खात होती आणि घरात कृष्णकांत म्हणत होता, "बायकांचं हे असंच. चार दिवस फुगतील."

चार दिवसांचं वर्ष झालं. तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्राचं काम निघालं आणि बोईसर स्टेशनवर माणसं उतरायला लागली. साताऱ्याची, नगरची, खानदेशातली, थेट उत्तरेकडची. त्यांना राहायला जागा नव्हती आणि धड जेवायला मिळत नव्हतं. राहीनं बोईसरला रस्त्याकडेला कुडाची एक खोली घेतली आणि खाणावळ घालायचं ठरवलं.

कृष्णकांत पहिल्यांदाच परसात आला. "परक्या पुरुषांना जेवायला घालणार? विधवा बाई? माझ्या तोंडाला काळं फासशील."

"तू बापाच्या हातचं विकलंस," राही म्हणाली. "मी माझ्या हातचं विकते."

त्यानंतर दोघांत बोलणं राहिलं नाही.

खाणावळ चालली. तिखट भाजी आणि भाकरी घाटावरच्यांना, आंबट आणि भात इकडच्यांना. कामगार तिला मावशी म्हणायचे. त्यांतला भगवंत नावाचा एक सातारकडचा फिटर हिशेबी आणि भांडकुदळ होता, भाकरी जाड झाली तरी वाद घालायचा. राही त्याच्याशी मनापासून भांडायची. भावाशी भांडली नव्हती ती सगळी भांडणं बहुतेक त्याच्याशी झाली. एकदा तो म्हणाला, "मावशी, तुमी एवढं रागावता, तर तुमाला राग कुणाचा हाय?" ती म्हणाली, "गप जेव."

सहासष्ट सालची गोष्ट. डोंगराकडच्या पाड्यावरची भागी नावाची बाई तिच्याकडं सरपणाची मोळी टाकायची. एके दिवशी मोळी उतरवून ती पाणी प्यायला बसली. राहीनं तांब्या पुढं केला आणि तिचा हात तसाच राहिला. भागीच्या कानात सोनेरी पानं होती. केसासारख्या शिरा, नाजूक देठ, आणि टोक डावीकडं दुमडलेलं.

"ही कुठून घेतलीस?"

"बाजारातून, बाय. बेस हायत ना?"

"बेस हायत."

भागीनं एक पान काढून तिच्या तळहातावर ठेवलं. "याचा टोक मोडका हाय बघ. समद्यांचाच मोडका. दुकानदार बोलला, साचाच खराब हाय, म्हून स्वस्तात देतो."

राहीनं पान परत दिलं. भागीच्या चेहऱ्यावर नव्या वस्तूचा आनंद होता आणि त्यावर विरजण घालायचं राहीच्या मनात आलं नाही. "साचा खराब नाय," एवढंच ती म्हणाली. भागीला ते कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंही.

मग तिला ती पानं सगळीकडं दिसायला लागली. स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या बाईच्या कानात, गवंड्यांच्या बायकांच्या गळ्यात. एका तान्ह्या पोरीच्या टोपड्यावर कुणी शिवलेलीसुद्धा. मुलामा उडून काळी पडलेली पानं बाजाराच्या चिखलात पडलेली असायची. राही रस्त्यानं जाताना खाली बघायचं टाळायला लागली. पुढं एका बाजाराच्या दिवशी ती त्या टपरीपुढं उभी राहिली आणि कानातल्या पानांचा एक जोड विकत घेऊन आली. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. घरी येऊन तिनं तो चहाच्या डब्यात टाकला आणि डबा फळीवर ठेवला.

पुढच्या वर्षी हंसाचं लग्न ठरलं. मुलगा वाणगावचा, केंद्रावरच वायरमन. कृष्णकांत बहिणीला बोलवायला येणार नाही हे धरूनच नर्मदा हंसाला घेऊन बोईसरला आली. नर्मदा ओट्यावर बसून रडत होती, राही कणीक मळत होती. चहा करायला म्हणून हंसानं फळीवरचा डबा उघडला.

"आत्या, हे काय?"

राहीनं वळून बघितलं. "ठेव ते. पितळ हाय."

हंसा पानं निरखत होती. लहानपणी दर दसऱ्याला तिनं ती डाय हातात घेतली होती. तिला सांगावं लागलं नाही. "हे मला दे. लग्नात घालीन."

"वेडी हायस का? महिन्यात काळं पडेल. सासरचे हसतील."

"हसू दे."

नर्मदा डोळे पुसत म्हणाली, "नको गं. तुझ्या बाबांना दिसलं तर..."

"दिसू दे," हंसा म्हणाली.

लग्नाच्या दिवशी राही आली. मांडवाच्या मागच्या बाजूला, बायकांत बसली. हंसाच्या गळ्यात नर्मदेची जुनी माळ होती, हातात बांगड्या, आणि कानात ती पानं. कृष्णकांत मुलीजवळ आला आणि थबकला.

"हे काय घातलंस? काढ ते."

"नाय काढणार."

"पितळ घालून बोहल्यावर चढतेस? माझी अब्रू काढायची हाय?"

हंसाचा आवाज चढला नाही. "तुमच्या बापानं त्यांच्या मुलीसाठी केलेलं मी घातलंय, बाबा. माझ्या बापानं माझ्यासाठी केलेलं असतं, तर ते घातलं असतं."

नर्मदेला वाटलं, आज तरी हा माणूस खाली बघेल. कृष्णकांतानं क्षणभर मुलीच्या कानाकडं पाहिलं, उपरणं झटकलं आणि वऱ्हाडाच्या स्वागताला गेला.

अक्षता पडल्या. जेवणाच्या पंगती बसल्या. व्याही कौतुकानं म्हणाले, सुनेच्या कानातली नक्षी छान आहे. कृष्णकांत वाढता वाढता थांबला. मग त्यानं भांडं खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागला, "ती आमच्या घरातली. आमच्या वडिलांचा हात. आज बोईसरपासून मुंबईपर्यंत बाजारात जाऊन बघा, हेच पान. कुणाच्या बापाचं काम एवढ्या घरात गेलंय? मी ती डाय घरात कुजत ठेवली असती, तर कुणाला दिसलं असतं?" पंगतीत वाहवा झाली. कुणीतरी म्हणालं, याला म्हणतात कला.

राही पलीकडं बायकांच्या पंगतीत होती. तिनं ते सगळं ऐकलं. हातातला घास तिनं पानात ठेवला, पाणी सोडलं आणि उठली. हंसाच्या पाठवणीपर्यंत थांबली नाही.

त्यानंतर दोन वर्षं ती चिंचणीला गेली नाही. सोन्याचा कायदा सैल झाला होता, गावात पुन्हा टकटक सुरू झाली होती. पण पेढ्यांची कामं आता नव्या पोरांकडं जात होती. कृष्णकांताची नजर अधू झाली होती, आणि कामं नाहीत याचं त्याला काही वाटत नाही असं तो सांगायचा. मग पोटाचं दुखणं लागलं. पालघरच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि घरी न्या म्हणाले. नर्मदेनं सांगावा धाडला.

राही दुपारच्या एसटीनं आली. तो खाटेवर होता, पोट फुगलेलं, हात काटकुळे. ती शेजारी बसली तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"राही."

"हं, दादा."

"मी कुणाचं काय वाकडं केलं नाय." श्वास घेऊन तो पुन्हा म्हणाला, "तुझं पण नाय. सांग, केलं का?"

नर्मदा पायथ्याशी उभी होती. तिला वाटलं, इतक्या वर्षांनी आता हिच्या तोंडून निघेल, निघायलाच हवं. राहीनं भावाच्या हाताकडं पाहिलं. छिन्नी धरून बोटाला पडलेला घट्टा अजून तसाच होता.

"नाय," ती म्हणाली. "नाय केलंस."

त्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं. तिसऱ्या दिवशी तो गेला, आणि गावात सगळे म्हणाले, सुखानं गेला, मागं काही न ठेवता गेला.

तेराव्याचं सगळं आटोपल्यावर नर्मदेनं नणंदेला परसात गाठलं. "का म्हणालात तसं? त्यांनी तुमचं एवढं वाईट केलं, आणि तुमी त्यांना मोकळं सोडलंत? निदान जाताना तरी त्यांना टोचायला हवं होतं. मला बघायचं होतं ते."

"मरणाऱ्या माणसाशी काय भांडायचं, वहिनी? मला वाटलं, खरं बोलले तर उरलेलं आयुष्य खंत करत बसेन, की जाताना त्याला छळलं. म्हणून खोटं बोलले." राही थांबली. "आता त्या खोट्याचीच खंत वाटते. पहाटे भाकऱ्या थापताना रोज तेच डोक्यात. तो निवांत गेला. त्याला सगळंच फुकट मिळालं."

नर्मदा म्हणाली, "त्यांनी डाय विकली तेव्हाच मी सांगितलं असतं तर?"

"सांगायला हवं होतंस," राही म्हणाली, आणि हे तिनं मऊ आवाजात म्हटलं नाही.

चिंचणीच्या घरात एकटीनं राहणं नर्मदेला जमेना. महिना-दीड महिन्यानं ती ट्रंक घेऊन बोईसरला आली आणि खाणावळीत भाकऱ्या करायला बसली. केंद्राचं काम संपत आलं होतं, जेवणारे कमी होत चालले होते, तरी दोघींचं पोट भागत होतं. कृष्णकांताचा विषय निघाला की मात्र भांडण ठरलेलं. नर्मदेनं लपवलं, की राहीनं माफ केलं, मोठी चूक कोणती, यावरून दोघींची तोंडं वाजायची, जेवणारे माना खाली घालून भात कालवायचे, आणि हंसा माहेरपणाला आली की ती दोघींवर ओरडायची. त्या भांडणाचा निकाल कधी लागला नाही. दोघी वेगळ्याही झाल्या नाहीत.